मुलं बरी होतात. सगळी का होत नाहीत?

लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाबद्दल एक गोष्ट आधी ठामपणे सांगायला हवी, कारण निदान कळल्यावर घरात सगळ्यांत आधी तीच विसरली जाते: हा आजार बरा होतो. बरा होतो म्हणजे मरण दोन-चार वर्षं लांबतं असं नव्हे. मुलगी शाळेत परत जाते, दहावी होते, नोकरीला लागते, पुढे तिला मुलंबाळंही होतात. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग म्हणजे ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, वॉर्डातल्या बोलीत एएलएल. अमेरिकेत किंवा जर्मनीत हा आजार झालेल्या दहा मुलांपैकी नऊ आज पाच वर्षांनंतरही जिवंत असतात आणि त्यांतली बहुतेक कायमची बरी झालेली असतात. आपल्याकडच्या मोठ्या केंद्रांत हे प्रमाण साठ ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान आहे. जी मुलं अशा केंद्रापर्यंत पोहोचतच नाहीत, ती या टक्केवारीत धरलेलीच नाहीत.

हा फरक पडतो कुठे, हे मला या लेखात पाहायचं आहे. औषधं दोन्हीकडे बहुतांशी तीच आहेत, बरीचशी जुनी, पेटंट संपलेली आणि आपल्याच देशात तयार होणारी. आपली मुलं मागे पडतात ती निदानाला लागलेल्या आठवड्यांत, तापाच्या रात्री वाया गेलेल्या तासांत आणि अडीच वर्षांच्या उपचारात कुठेतरी सुटलेल्या टाक्यात. नव्या संशोधनाच्या बातम्या वाचताना मला आनंद होतोच. पण या राज्यात उद्यापासून सर्वाधिक मुलं वाचवायची असतील, तर पैसा आणि माणसं या जुन्या जागांवर लावली पाहिजेत, असं माझं मत आहे.

या औषधांच्या इतिहासाचा एक धागा थेट मुंबईच्या गिरणगावातून निघतो. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांमध्ये राबणाऱ्या गरोदर बायकांना होणारा जीवघेणा पंडुरोग हा तिच्या अभ्यासाचा विषय होता. हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करताना तिच्या ध्यानात आलं, की यीस्टच्या अर्काने, म्हणजे इंग्रज लोक पावाला लावून खातात त्या साध्या मार्माइटनेसुद्धा, या बायकांचं रक्त सुधारतं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झालं. त्या संशोधनाचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी फॉलिक ॲसिडच्या जातीची औषधं ल्युकेमियाच्या मुलांना देऊन पाहिली, तेव्हा आजार उलट जोराने वाढला. फार्बर यांनी त्यावरून ओळखलं की या पेशींना फॉलिक ॲसिडची भूक आहे, तेव्हा तेच तोडलं पाहिजे. सुब्बाराव यांच्या गटाने फॉलिक ॲसिडला अडवणारं अमिनोप्टेरिन तयार करून दिलं. जून १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांतल्या १० मुलांचा आजार काही काळ मागे हटला होता. तोवर या आजारात कोणत्याही औषधाचा असा परिणाम कुणी पाहिला नव्हता. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेले. अमिनोप्टेरिनचं भावंड असलेलं मेथोट्रेक्सेट आज एएलएलचं प्रत्येक मूल घेतं.

पुढची औषधं एकेक करून आली. १९५३ मध्ये मर्कॅप्टोप्युरिन आलं. ते शोधणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्स यांना पुढे १९८८ चं नोबेल मिळालं. आपल्या दारात, रस्त्याच्या कडेला बारमाही फुलणाऱ्या सदाफुलीतून व्हिनक्रिस्टिन मिळालं. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड्स आली, जिवाणूंपासून काढलेलं ॲस्परॅजिनेज आलं. एकेकट्या औषधाने आजार काही महिने दबायचा आणि उसळायचा. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी १९६० च्या दशकात ही सगळी एकत्र, ठरावीक क्रमाने आणि दोन-तीन वर्षं द्यायचं धाडस केलं. रक्तातून गेलेला आजार मेंदूभोवतीच्या पाण्यात लपून राहतो, तिथेही उपचार पोहोचवले. त्या दशकाच्या शेवटी उपचार घेतलेली निम्मी मुलं बरी झाली. निम्म्यावरून नव्वद टक्क्यांपर्यंतची मजल जगाने मुख्यतः याच औषधांवर मारली. कुणाला जास्त मात्रा हवी आणि कुणाला कमी पुरेल हे ठरवायला डॉक्टर शिकले, जंतुसंसर्ग सांभाळायला शिकले, आणि हजारातली किंवा दहा हजारातली एक उरलेली कर्कपेशीही मोजता येऊ लागली.

मुंबईचं या आजाराशी आणखीही एक जुनं नातं आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या. त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांनी दुसऱ्याच वर्षी, स्वतःच्या मृत्यूच्या थोडं आधी, ल्युकेमियावरच्या संशोधनासाठी त्यांच्या नावाने विश्वस्त निधी स्थापन केला. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभं राहिलं. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात 'टाटाला नेलंय' एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात एएलएलची जेमतेम वीस टक्के मुलं वाचत होती. १९८४ पासून टाटा, चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि दिल्लीचं एम्स यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या इयान मॅग्रॅथ यांच्याबरोबर एकच उपचारपद्धती राबवली. तिचं नाव एमसीपी-८४१. आपल्याकडे परवडतील, झेपतील अशीच औषधं त्यात निवडली होती. तेवढ्यानेच वाचणाऱ्यांचं प्रमाण ४५ ते ६० टक्क्यांवर गेलं. शिस्तीने लिहिलेला आणि शिस्तीने पाळलेला एक कागद काय करू शकतो याचं हे आपल्याच घरातलं उदाहरण आहे. त्याच वाटेने पुढे देशातल्या मोठ्या केंद्रांनी मिळून आयसिकल ही समान चाचणी हाती घेतली.

आजार होतो कशामुळे, हा प्रश्न प्रत्येक आई विचारते, आणि बहुतेक वेळा स्वतःलाच दोषी धरून विचारते. गरोदरपणी काय खाल्लं, कुणाची दृष्ट लागली, मोबाइल उशाशी ठेवला म्हणून झालं का? उत्तर स्पष्ट आहे: आईवडिलांच्या कुठल्याही चुकीमुळे हा आजार होत नाही. तो संसर्गाने पसरत नाही, आणि अगदी थोडे अपवाद सोडले तर वंशपरंपरेने येत नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांना धोका जास्त असतो, तीव्र किरणोत्सर्गाने तो वाढतो, एवढं पक्कं आहे. इंग्लंडच्या मेल ग्रीव्ह्ज यांनी दाखवलं की एएलएलचा पहिला जनुकीय बिघाड बऱ्याचदा गर्भातच होतो. असा बिघाड घेऊन जन्मलेल्या बहुसंख्य बाळांना पुढे आजार होत नाही. काही थोड्यांमध्ये नंतर दुसरा बिघाड होतो, तेव्हाच आजार होतो.

आता निदानाकडे येऊ. दोन ते पाच वर्षांचं मूल. पंधरा दिवस ताप येतो-जातो. चेहरा पांढुरका पडलाय. रात्री पाय दुखतात म्हणून रडतं, सकाळी पाय टेकत नाही, उचलून घे म्हणतं. अंगावर न पडता-झडता निळे डाग, पिसवा चावल्यासारखे लाल ठिपके. मानेला, काखेत गाठी. यातलं प्रत्येक लक्षण शंभर साध्या आजारांत असतं, म्हणून गावातल्या डॉक्टरांना पहिल्या भेटीत हा आजार सुचला नाही तर त्यांना दोष देता येत नाही. ही लक्षणं एकत्र दिसत असतील किंवा ताप दोन आठवडे हटत नसेल, तर मात्र सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करून घ्यायलाच हवी. काही शे रुपयांची ही तपासणी तालुक्याच्या गावी होते. तीही नुसती यंत्रातून निघालेली पट्टी नको. रक्ताचा थेंब काचेवर पसरून पॅथॉलॉजिस्टने सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहिलेला हवा, कारण पांढऱ्या पेशींचा आकडा नॉर्मल किंवा कमी असूनही त्यात कर्कपेशी असू शकतात.

याच टप्प्यावर आपल्याकडे एक घातक गोष्ट सर्रास घडते आणि तिच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. सांधे दुखतायत, ताप हटत नाही, प्लेटलेट्स कमी आहेत म्हणून मुलाला स्टेरॉइड दिलं जातं. एएलएलच्या पेशी स्टेरॉइडने झपाट्याने मरतात, त्यामुळे मूल दोन दिवसांत खेळायला लागतं आणि सगळ्यांनाच हायसं वाटतं. तीन-चार आठवड्यांनी आजार परत येतो तेव्हा चित्र गढूळ झालेलं असतं. मॅरोची, म्हणजे अस्थिमज्जेची, तपासणी फसवी येऊ शकते, मूल कमी धोक्याच्या गटातलं की जास्त हे ठरवता येत नाही, आणि उरलेल्या पेशी औषधाला सरावलेल्या असू शकतात. जे मूल हलक्या उपचारावर बरं झालं असतं, त्याला मग नाइलाजाने जड उपचार द्यावे लागतात. निदान झालेलं नसताना तापाच्या मुलाला स्टेरॉइड देऊ नये, हा नियम राज्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावावा इतका महत्त्वाचा आहे.

निदान झालं की पहिला महिना इंडक्शनचा. रोज स्टेरॉइडच्या गोळ्या, आठवड्याला व्हिनक्रिस्टिन, मधूनमधून ॲस्परॅजिनेज, आणि पाठीत सुई घालून मणक्यातल्या पाण्यात मेथोट्रेक्सेट. मुलाचा चेहरा फुगतो, भूक राक्षसी होते, रात्री दोन वाजता पोहे मागितले जातात. महिन्याअखेर बहुतेक मुलांच्या मॅरोमध्ये डोळ्यांना दिसणारा आजार उरत नाही. पण याच महिन्यात शरीराची संरक्षण-फळी तळाला गेलेली असते. पांढऱ्या पेशी, वॉर्डात ज्यांना नुसते 'काउंट' म्हणतात, जवळजवळ शून्यावर येतात. श्रीमंत देशांत या टप्प्यात फार थोडी मुलं दगावतात. आपल्याकडे आधीच कुपोषित असलेलं मूल, औषधांना न जुमानणारे जंतू आणि दाटीवाटीची राहण्याची जागा हे सगळं एकत्र येतं आणि उपचारामुळे होणारे मृत्यू वाढतात. काउंट कमी असलेल्या मुलाला ताप आला तर पहिल्या तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. मूल परभणी जिल्ह्यातल्या वाडीवर असेल तर हे कसं व्हावं? परळपर्यंत ते तासाभरात येणार नाही. तिथल्याच जिल्हा रुग्णालयात ते औषध असलं पाहिजे, मुलाची फाइल बघून ते लगेच लावायचं असतं हे रात्रपाळीच्या डॉक्टरांना माहीत असलं पाहिजे, आणि त्यांना मोठ्या केंद्रातल्या कुणाला तरी फोन करता आला पाहिजे. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला कर्करोग रुग्णालय आणि ग्रामीण कर्करोग नोंदणी कित्येक वर्षं चालू आहे, तेव्हा खेड्यात हे काम होत नाही असं म्हणायला जागा नाही.

सुरुवातीचे आठ-दहा महिने असे जड उपचारांत जातात. मग केस परत येतात आणि मेन्टेनन्स, म्हणजे घरी घ्यायच्या गोळ्यांचा काळ, सुरू होतो. सर्वांत लांब आणि सर्वांत कमी बोलला जाणारा टप्पा हाच. पंधरा किलोच्या मुलाचं उदाहरण घ्या. मर्कॅप्टोप्युरिनची गोळी ५० मिलिग्रॅमची मिळते आणि मात्रा शरीराच्या पृष्ठभागावरून काढतात, ती पूर्ण गोळीत बसत नाही. म्हणून आई आठवड्यातले पाच दिवस एक गोळी आणि दोन दिवस अर्धी देते, अर्धी मोडताना भुगा सांडणार नाही याची काळजी घेते. मेथोट्रेक्सेटच्या अडीच मिलिग्रॅमच्या पाच गोळ्या असतात, त्या आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. गैरसमजाने त्या रोज दिल्या तर जिवावर बेततं. म्हणून जाणत्या परिचारिका कॅलेंडरवर त्या वाराला लाल गोल करून देतात. दर काही दिवसांनी काउंट करायचा आणि त्याप्रमाणे मात्रा वरखाली करायची. आशियाई लोकांतल्या काहींमध्ये एनयूडीटी१५ या जनुकाचा असा प्रकार असतो की मर्कॅप्टोप्युरिनच्या नेहमीच्या मात्रेनेच काउंट कोसळतात, म्हणून आपल्या मुलांत ही देखरेख जास्तच गरजेची.

हे असं दीड-दोन वर्षं चालतं, आणि ते सांभाळावं लागतं अशा घरात जिथे मूल आता अगदी धडधाकट दिसतंय. लग्नसराईत गोळ्या राहतात, पेरणीच्या धावपळीत राहतात, शेजारचं कुणी म्हणतं की बरं झालंय ना पोर, कशाला उगाच उष्ण औषधं? अमेरिकेतल्या स्मिता भाटिया यांनी या टप्प्यातल्या मुलांच्या गोळ्या घेण्याची बारकाईने मोजदाद केली. ठरलेल्यापैकी ९५ टक्क्यांपेक्षा कमी गोळ्या पोटात गेल्या, तर आजार उलटण्याचा धोका अडीच पटींहून अधिक वाढतो, असं त्यांना आढळलं. ९५ टक्के म्हणजे महिन्यातून दोन दिवस चुकले की आपण रेषेच्या खाली. आजार उलटल्यावर लाखो रुपये खर्चूनही जे परत मिळवणं अवघड असतं, ते या गोळ्या राखतात. या कामाला कुठलीही योजना स्वतंत्र पैसे देत नाही. दर आठवड्याला घरी फोन करून 'गोळ्या चालू आहेत ना, काउंट केला का' एवढं विचारणारी व्यक्ती पगारावर नेमणं, हा मला दिसणारा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत परिणामकारक उपचार आहे. त्याच्या जोडीला औषधांच्या दर्जावर नजर हवी. बाजारातल्या काही जेनेरिक ॲस्परॅजिनेजचा प्रभाव रक्तात अपुरा पडतो असं भारतातल्या अभ्यासांत दिसलं आहे. आईने सगळं बरोबर केलं आणि कुपीतलं औषधच कमी पडलं, तर त्याची जबाबदारी औषध नियंत्रकांची आहे.

काही कुटुंबं उपचार मध्येच सोडून जातात. त्याला अज्ञान म्हणणं सोपं आहे, पण परळच्या फुटपाथवर मुलाला मांडीवर घेऊन महिने काढलेल्या बापाला ते सांगून पाहा. घरी दुसरी मुलं आहेत, रोजगार बुडालाय, म्हैस विकून झालीय. टाटामध्ये एकेकाळी बालरुग्णांपैकी सुमारे वीस टक्के उपचार नाकारत किंवा अर्धवट सोडत. २०१० च्या सुमारास रुग्णालयाच्या बालकर्करोग विभागाने इम्पॅक्ट हा उपक्रम उभा केला. पैसे, राहणं, खाणं, रक्त, समुपदेशन, न आलेल्या मुलाच्या घरी फोन या सगळ्यासाठी माणसं नेमली. काही वर्षांतच हे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आलं. औषधांत तेव्हा काहीही बदललं नव्हतं. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, २००६ पासून सुरू झालेली सेंट ज्यूड्सची बालनिवास केंद्रं यांनी या शहरात किती मुलं वाचवली असतील याची मोजणी कुणी केलेली नाही, पण ती केली तर एखाद्या नव्या औषधापेक्षा तो आकडा मोठा निघेल याबद्दल मला शंका नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं संरक्षण आता पाच लाखांपर्यंत आहे, हाही मोठाच आधार. एसडीपी, म्हणजे एकाच दात्याकडून यंत्राने घेतलेल्या, प्लेटलेट्स देण्यासाठी दोन तास यंत्राला हात जोडून बसणारे अनोळखी तरुणही याच यादीतले. प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, म्हणून ते सतत लागतात.

एक गोष्ट मात्र कुठल्याच योजनेने सुटलेली नाही. भारतातल्या रुग्णालयांत कर्करोगाच्या उपचाराला येणाऱ्या मुलांमध्ये मुलगे खूप जास्त आणि मुली कमी असतात. हा आजार मुलग्यांत थोडा अधिक होतो हे खरं, पण नोंदीतला फरक तेवढ्याने भरून निघत नाही. उरलेल्या मुली कुठे आहेत? त्या घरीच आहेत. त्यांचं निदान झालं नाही, किंवा निदान होऊनही त्यांना परळला आणलं गेलं नाही. सरकारी आकडेवारीत मुलींचं जन्मप्रमाण पाहिलं जातं. आजारी मुलीला उपचारापर्यंत आणलं जातं का, हेही जिल्हावार पाहायला हवं.

पंधरा ते तीसच्या वयाकडे वळलं की आणखी एक कोडं उभं राहतं. सतरा वर्षांचा मुलगा एएलएल घेऊन आला तर तो लहान मुलांच्या विभागात जाणार की मोठ्यांच्या? कित्येक सरकारी रुग्णालयांत बाराव्या वर्षानंतर मूल मोठ्यांच्या वॉर्डात जातं. यात फक्त खाट बदलत नाही, उपचारही बदलतो. मोठ्यांची पद्धत चाळिशी-साठीच्या माणसांना झेपेल अशी बेतलेली असते. व्हिनक्रिस्टिन, स्टेरॉइड, ॲस्परॅजिनेज यांच्या मात्रा तीत कमी असतात. फ्रान्समध्ये आणि अमेरिकेत ताळा करून पाहिलं गेलं. एकाच वयाची मुलं केवळ कोणत्या दारातून आत गेली यावरून त्यांच्या निकालात प्रचंड फरक होता. अमेरिकेत १६ ते २० वयोगटात बालरोगतज्ज्ञांच्या पद्धतीने सात वर्षं आजारमुक्त राहिलेले ६३ टक्के होते, मोठ्यांच्या पद्धतीने ३४ टक्के. त्यानंतर मोठ्यांच्या तज्ज्ञांनी मुलांची पद्धत चाळिशीपर्यंतच्या तरुणांना देऊन पाहिली, आणि तीन वर्षांनी ७३ टक्के जिवंत होते. तेव्हा घरात कॉलेजच्या वयाचा एएलएलचा रुग्ण असेल, तर 'याला मुलांच्या पद्धतीने उपचार देताय का?' हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. तरुण मुलांसाठी आणखीही एक प्रश्न पहिल्या केमोच्या आधीच विचारायचा असतो, वीर्य गोठवून ठेवण्याचा. आईवडिलांसमोर हा विषय काढायला डॉक्टरही संकोचतात, आणि ती संधी कायमची जाते.

याच वयात हॉजकिन लिम्फोमा डोकं काढतो. मानेत न दुखणारी गाठ, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन घटणं. ही लक्षणं आपल्याकडे क्षयाची म्हणूनच ओळखली जातात, त्यामुळे कित्येकांना तपासणीविना सहा महिने टीबीच्या गोळ्या मिळतात. गाठीतून सुईने पेशी काढून केलेली एफएनएसी इथे पुरत नाही. गाठ पूर्ण काढून तपासावी लागते. ती तपासली तर हा सर्वाधिक बरा होणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत बारा वर्षांच्या मुलांपासून वृद्धांपर्यंत सगळ्यांना एकत्र घेतलं गेलं आणि निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध जोडल्यावर दोन वर्षांनी आजार न वाढलेले ९२ टक्के निघाले. मुलांचे आणि मोठ्यांचे डॉक्टर एका टेबलाशी बसले हे मला त्या औषधाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

रक्ताच्या बाकीच्या कर्करोगांचा धावता उल्लेख करतो. ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया अधिक हट्टी, त्याची केमो अधिक कडक आणि जंतुसंसर्गाचे बळीही जास्त. त्याचाच एपीएल हा प्रकार मात्र चीनच्या संशोधकांनी पुढे आणलेल्या दोन औषधांनी, व्हिटॅमिन ए च्या जातीतल्या एटीआरएने आणि चक्क आर्सेनिकने, बहुतेकांचा बरा होतो. अट एवढीच की रक्तस्रावाने पहिल्याच आठवड्यात मृत्यू येऊ नये म्हणून संशय येताच एटीआरए सुरू केलं पाहिजे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या (सीएमएल) रुग्णाला रोजच्या इमॅटिनिबच्या गोळीवर वर्षानुवर्षं नोकरी-संसार करता येतो. पेटंटवाल्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर होता, जेनेरिकचा आठ-दहा हजारांच्या घरात. पेटंट नाकारणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १ एप्रिल २०१३ च्या निकालाने त्या स्वस्त गोळ्या टिकल्या.

बोन मॅरो ट्रान्सप्लांटबद्दल मोठाच गैरसमज आहे. निदान झाल्या दिवशीच नातेवाईक मॅरो द्यायला तयार होतात, पण एएलएलच्या बहुतेक मुलांना त्याची गरजच पडत नाही. भारतातलं पहिलं ट्रान्सप्लांट टाटामध्ये १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी ल्युकेमियाच्या एका नऊ वर्षांच्या मुलीवर केलं. सख्खं भावंड जुळण्याची शक्यता चारात एक. आता अर्धा जुळणारा बाप किंवा आईही चालते. सीएआर-टी उपचारात रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढून, कर्कपेशी ओळखायला शिकवून परत दिल्या जातात. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या गटाने टाटाबरोबर विकसित केलेल्या नेक्सकार-१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. किंमत चाळीस लाखांच्या आसपास. परदेशात याच उपचाराला तीन कोटींहून जास्त पडतात. परळ आणि पवईत हे घडलं याचा अभिमान आहेच. ब्लिनाटुमोमॅब हे औषध मध्यम धोक्याच्या मुलांच्या नेहमीच्या केमोला जोडल्यावर तीन वर्षांनी आजारमुक्त असणाऱ्यांचं प्रमाण ८७.९ वरून ९६ टक्क्यांवर गेलं, ही डिसेंबर २०२४ ची बातमी तर जगभर केमो कमी करण्याची आशा देणारी आहे. पण ते अतिशय महाग आहे, आणि अकोल्याच्या मुलाला ते मिळायला अजून वेळ आहे. त्याला आजच मिळू शकणाऱ्या गोष्टी त्याला आज मिळाव्यात.

जी बरी होतात त्यांचेही प्रश्न तिथे संपत नाहीत. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधांनी हृदय कमकुवत होऊ शकतं, डोक्याला किरणोपचार दिले असतील तर शिकण्यावर आणि उंचीवर परिणाम दिसतो, छातीला दिले असतील तर मुलींना पुढे स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. हे त्रास दहा-वीस वर्षांनी उगवतात. टाटामध्ये डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी १९९१ मध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी एसीटी क्लिनिक सुरू केलं. इंडियन कॅन्सर सोसायटीचा 'उगम' हा बऱ्या झालेल्या तरुणांचाच गट आहे. लग्न ठरवताना आजार लपवावा का, विमा कंपनी अर्ज नाकारते त्याचं काय, नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत काय लिहायचं, या प्रश्नांवर तिथे मोकळेपणाने बोलता येतं. मुंबईबाहेर अशी सोय मिळणं कठीण. निदान एक गोष्ट प्रत्येक रुग्णालयाने करावी: शेवटच्या गोळीच्या दिवशी मुलाच्या हातात एक पानी कागद द्यावा. त्यावर निदान, तारखा, डॉक्सोरुबिसिनची एकूण मात्रा, किरणोपचार कुठे आणि किती, पुढे कोणती तपासणी कितव्या वर्षी, हे मराठीत लिहिलेलं असावं. पंचविसाव्या वर्षी बाळंतपणासाठी नाव घालायला गेलेल्या त्या मुलीच्या डॉक्टरांना, तिच्या हृदयाचा एको आधी करून घ्यायला हवा हे त्या कागदावरूनच कळेल.